मेहकरची शीळ आणि मराठी भावगीत

संगीताच्या इतिहासांत अभिजात वळण आणि कल्पनारम्य वळण हीं एकमेकांच्या विरुद्ध उभीं करण्याची आपणांस सवय जडली आहे. नियम, बंदिस्तपणा व संयम एका बाजूस. भावनेची उत्कटता व निसर्गाची ओढ दुसऱ्या बाजूस. ही वांटणी शिकविण्यास सोयीची खरी. पण प्रत्यक्ष संगीत ती मानतेंच असें नाहीं. याचा दाखला आम्हांस बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर येथें सांपडतो.

पैनगंगेच्या कांठच्या या गांवीं ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनीं वकिली केली आणि कविता लिहिली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं स्वतः चाल लावून गाइली व १९३२ च्या सुमारास ती हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रिकेवर निघाली. मराठी भावगीताचा आरंभ या मुद्रिकेपासून मानण्याचा प्रघात आहे. ‘शीळ’ याच नांवाचा काव्यसंग्रह मात्र १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे ही कविता ग्रंथरूपानें हातीं येण्यापूर्वीं वीस वर्षांहून अधिक काळ रसिकांच्या कानांत घुमत होती.

तत्पूर्वीं सुशिक्षित मराठी घरांत रागदारी पोंचविली ती नाटकांनीं. ‘मानापमान’ (१९११) मधील पदांस गोविंदराव टेंबे यांनीं आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मधील पदांस भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या. रंगभूमीवर पद रंगूं लागलें, कीं ‘वन्स मोअर’ च्या गजरांत तें वाढत जाई आणि शब्द हे स्वरविस्ताराचें निमित्त होऊन बसत. मुद्रिकेच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचाच अवकाश. तेथें दीर्घ आलापीस जागा नव्हती. रानांतून येणारी शीळ आणि ती ऐकणाऱ्या स्त्रीच्या जिवाची घालमेल एवढाच विषय. तो थोडक्यांत व नेमका मांडणें भाग होतें. विषय कल्पनारम्य, पण मांडणीची काटकसर अभिजात!

असाच प्रकार विलायतेंतही घडला होता. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतरचनाकारानें रामायणावरून ‘सीता’ हें तीन अंकी, वाग्नरच्या थाटाचें भव्य संगीतनाट्य १९०६ सालीं पुरें केलें. तें त्याच्या हयातींत रंगभूमीवर आलें नाहीं. पुढें १९०८ मध्यें त्यानें महाभारतांतील ‘सावित्री’ घेतली; पात्रें तीन, वाद्यें मोजकीं, अंक एक. भावना तीच, पण पसारा गेला आणि करुणरस अधिक गडद झाला.

भावगीतानें रागसंगीताचें पाणी पातळ केलें, हा आक्षेप आम्हांस म्हणूनच मान्य नाहीं. आलापी सुटली, परंतु एका स्वरावर विसांवण्याची जाण, अनावश्यक तें टाळण्याचा विवेक हीं रागसंगीताचींच देणगी होय. जेथें पुढें वाद्यांच्या गर्दींत हा विवेक हरवला, तेथें मूळ पायवाट सुटली, एवढेंच म्हणतां येईल.

आणखी एक ऋण आपण विसरतों. गाणें स्मरतें, गायक स्मरतो. कवि मात्र मागें राहतो. ‘शीळ’ ऐकतांना मेहकरच्या त्या वकील-कवीचें नांव ओठांवर आलें, तरच आपलें ऐकणें पुरें झालें असें आम्ही समजूं.