वैद्य, सेनानी आणि मंत्री

वैद्याचा धर्म जीव वाचविण्याचा, तर सैनिकाचा धर्म आज्ञापालनाचा. हे दोन्ही धर्म एकाच माणसाच्या वाट्याला यावेत आणि त्यांवर राज्यसत्तेचाही भार पडावा, तेव्हा त्याने कोणाचे ऐकावे? नायजेरियाचे मेजर जनरल डॉ. हेन्री अडेफोपे (१९२६-२०१२) यांच्या जीवनाकडे पाहताना हा प्रश्न मनात उभा राहतो.

ग्लासगो येथे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले अडेफोपे पुढे नायजेरियन लष्कराच्या वैद्यकीय सेवेचे संचालक झाले. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राच्या यादवी युद्धाने तो देश होरपळून निघाला. केंद्रीय सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या बियाफ्रात असंख्य बालके अन्नावाचून मेली. ख्रिस्ती सेवासंस्थांची विमाने रात्रीच्या अंधारात उली येथील धावपट्टीवर धान्य उतरवीत. अडेफोपे मात्र वेढा घालणाऱ्या सैन्याचे डॉक्टर होते. एकच सेना आपल्या जखमींवर मलमपट्टी करीत होती आणि पलीकडच्यांची भूकही वाढवीत होती.

१९७५ च्या लष्करी बंडानंतर आलेल्या सरकारात त्यांच्याकडे कामगार खाते आले. विखुरलेल्या शेकडो कामगार संघटनांची नव्याने बांधणी झाली आणि १९७८ मध्ये ४२ औद्योगिक संघटनांची ‘नायजेरिया लेबर काँग्रेस’ उभी राहिली. एकजूट झाली खरी, पण ती सरकारी हुकुमाने झाली.

त्याच वर्षी ते परराष्ट्रमंत्री झाले. ऱ्होडेशियातील गोऱ्यांचे वर्चस्व टिकविणाऱ्या व्यवस्थेला ब्रिटन मान्यता देईल, अशी धास्ती आफ्रिकेला वाटत होती. १९७९ च्या लुसाका येथील राष्ट्रकुल परिषदेच्या तोंडावर नायजेरियाने ‘ब्रिटिश पेट्रोलियम’ची आपल्या देशातील मालमत्ता ताब्यात घेतली. परिषदेत वाटाघाटींचा मार्ग ठरला आणि १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला.

१ ऑक्टोबर १९७९ रोजी लष्कराने लोकनियुक्त सरकारकडे सत्ता सोपविली. अडेफोपे यांच्या जागी आलेले इशाया आवडू हेही डॉक्टरच होते. अडेफोपे स्वतः १९८५ ते २००६ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य राहिले.

शरीराचा रोग बरा करताना वैद्य रोग्याची संमती घेतो. लष्करी राजवट राष्ट्राचा रोग बरा करू पाहते, पण संमती मात्र विचारीत नाही. अडेफोपे यांच्या कर्तृत्वाची थोरवी मान्य करतानाही ही उणीव विसरता येत नाही. सत्तेने केलेले भले, ज्यांचे भले करावयाचे त्यांना विचारून केले, तरच ते टिकते.