मूळ प्रत कोणाची?

गेल्या वर्षी माझ्या एका कादंबरीची मुद्रिते तपासताना मला दरदरून घाम फुटला. आठव्या प्रकरणात ज्या आत्याबाईंना मी यथासांग निरोप दिला होता, त्या नवव्या प्रकरणात पदर खोचून चकल्या तळीत बसल्या होत्या! झाले होते ते असे. हस्तलिखिताच्या दोन प्रती होत्या; एक माझ्यापाशी, दुसरी एका स्नेह्यापाशी. मी माझ्या प्रतीत आत्याबाईंना देवाघरी पाठवले. त्याच सुमारास स्नेह्याने मोठ्या आपुलकीने त्याच्याकडचे नववे प्रकरण सुधारले आणि आत्याबाईंच्या तोंडी चार खुसखुशीत वाक्ये घातली. अक्षरजुळणी करणाऱ्याने दोघांच्याही सुधारणा इमानेइतबारे उतरवून घेतल्या. तिघांनीही आपापले काम चोख केले होते. आणि तिघांनी मिळून एका मृत बाईला चुलीपुढे आणून बसवले होते.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. तो पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या नोकरीत आहे. ही हकीकत ऐकून तो इतका हसला की त्याच्या हातातला लाडू फुटला. मग म्हणाला, "सर, तुमच्या आत्याबाई आमच्या धंद्यात रोज जिवंत होतात. फक्त आमच्याकडे त्यांच्यावर उतारा आहे. त्याचे नाव गिट."

मला संगणकातले फारसे कळत नाही, इंग्रजीही बेताचेच. पण प्रतींच्या भानगडीत हात पोळलेला होता. त्या मुलाला मी दोन संध्याकाळी सोडले नाही, आणि पुढे वर्षभर मिळेल ते वाचत राहिलो. त्यातून जो इतिहास हाती आला तो, वाचकहो, एखाद्या घरातल्या वाटणीच्या गोष्टीइतका रंगतदार आहे.

प्रतींचा घोळ आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठभेद माजले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथ लिहिला गेल्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी हे काम करावे लागले. संगणकाच्या प्रोग्रॅमला असा घोळ व्हायला तीन दिवसही पुरतात. कारण प्रोग्रॅम म्हणजे अखेर ओळीमागून ओळ लिहिलेला मजकूरच. आणि मोठ्या प्रोग्रॅमचा मजकूर शेकडो माणसे एकाच वेळी दुरुस्त करीत असतात.

या घोळावर १९७२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एक तोड काढली. दहा वर्षांनी, १९८२ साली, वॉल्टर टिखी यांनी दुसरी व्यवस्था रचली. मजकुराच्या जुन्या आवृत्त्या तेथे जपून ठेवलेल्या असत, आणि एखादा भाग कोणी दुरुस्तीसाठी नेला की त्याला कुलूप लागे. तो परत येईपर्यंत इतरांनी वाट पाहायची. शाळेच्या ग्रंथालयात एकच शब्दकोश असला म्हणजे जे होते, तेच तेथे होई.

कुलपांचा कंटाळा एका शिक्षकालाच आला. आम्स्टरडॅमच्या एका विद्यापीठात डिक ग्रुन हे दोन विद्यार्थ्यांसह एक काम करीत होते. एक विद्यार्थी घड्याळाच्या काट्यावर चालणारा, दुसरा लहरी, आणि खुद्द गुरुजींना सवड फक्त संध्याकाळी. म्हणून त्यांनी बिनकुलपाची व्यवस्था रचली. १९८६ साली ती लोकांसमोर आली. तिचे नाव सीव्हीएस. ज्याने त्याने आपली प्रत न्यावी, सवडीने दुरुस्त करावी आणि मग मूळ प्रतीत मिसळावी. तथापि मूळ प्रत एकच, एकाच ठिकाणी. आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार मोजक्यांना.

आता गोष्ट फिनलंडकडे वळते. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाच्या कार्यप्रणालीची घोषणा केली आणि तिचा मजकूर जगाला खुला ठेवला. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. चहूकडून दुरुस्त्या येऊ लागल्या. सीव्हीएस टोरवाल्ड्सना मुळीच पसंत नव्हती. ई-मेलने आलेल्या दुरुस्त्या ते स्वतः निवडून मजकुरात घालीत. कामाचा पसारा वाढला तसा एक माणूस अपुरा पडू लागला आणि चांगल्या सुधारणाही टपालाच्या ढिगात बुडू लागल्या. अखेर २००२ साली त्यांनी बिटमूव्हर या कंपनीची बिटकीपर ही व्यवस्था स्वीकारली. ती विकेंद्रित होती. प्रत्येकाच्या हाती पूर्ण प्रत असे; आजच्या मजकुराबरोबर आरंभापासूनचा सारा इतिहासही असे. पण ती खाजगी मालकीची होती. तिचे पोट उघडून पाहण्याची मुभा नव्हती, आणि लिनक्सवाल्यांना ती फुकट मिळे ती या अटीवर, की तिच्याशी स्पर्धा करणारे साधन त्यांनी बनवू नये. पुष्कळांना ही अट टोचे. अशांसाठी लिनक्सची एक वेगळी प्रत सीव्हीएसमध्ये ठेवलेली असे.

त्या वेगळ्या प्रतीतच नोव्हेंबर २००३ मध्ये चोर शिरला. त्याने घातल्या दोनच ओळी. वरवर पाहता ती एक साधी तपासणी होती. 'हा वापरणारा शून्य क्रमांकाचा आहे काय?' असे विचारायचे असेल तर त्या भाषेत बरोबरीचे चिन्ह दोनदा लिहितात. एकदाच लिहिले की प्रश्नाची आज्ञा होते: 'याला शून्य क्रमांक द्या.' आणि शून्य क्रमांक म्हणजे त्या संगणकाचा सर्वाधिकारी! एक चिन्ह गाळून चोराने घराची किल्ली करून घेतली होती. तो फसला, कारण ही प्रत बिटकीपरमधल्या प्रतीशी जुळेना. आणि त्या दोन ओळी कोणी मान्य केल्या याची नोंद कुठेच सापडेना. गणितात एक चिन्ह चुकले म्हणून मी गुण कापतो, तेव्हा पालक विचारतात, "एवढ्याशा चिन्हासाठी, गुरुजी?" त्यांना ही गोष्ट सांगावी असे फार मनात येते.

बिटकीपरशी मांडलेला संसार तीन वर्षांत मोडला. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने त्या व्यवस्थेची बोली समजून घेण्याचा खटाटोप केला. पुढे कॅनबेरा येथील परिषदेत त्यांनी तो सर्वांसमोर करून दाखवला: व्यवस्थेशी जोड लावून 'मदत' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द टंकला, आणि तिने आपल्या आज्ञांची यादी आपणहून पुढे केली. कंपनीचे लॅरी मॅकव्हॉय यांना हा खटाटोप मान्य नव्हता. टोरवाल्ड्सही ट्रिजेलवर रागावले. एप्रिल २००५ मध्ये फुकटची सवलत बंद झाली. कंपनीने तीन वर्षे दिले ते थोडे नव्हते, आणि २००३ चा चोर पकडण्यातही तिच्या माणसांचा हात होता, हे विसरून चालणार नाही. पण ज्याच्या किल्लीवर आपले घर उघडते तो रुसला, की आपण अंगणात, हेही तितकेच खरे.

टोरवाल्ड्सनी ३ एप्रिलला स्वतःचे साधन लिहायला घेतले. ७ एप्रिलला ते साधन स्वतःचाच मजकूर सांभाळू लागले. हेच गिट. इंग्रजी बोलीत हा शब्द नकोशा माणसासाठी वापरतात. आपण आपल्या सगळ्या कामांना आपलेच नाव देतो, असे टोरवाल्ड्सनी थट्टेने सांगितले. परीक्षेचे माप मात्र त्यांनी आधीच ठरवले होते. एक दुरुस्ती नोंदवायला तीस सेकंद लागले, तर एका वेळी येणाऱ्या अडीचशे दुरुस्त्यांना दोन तास पाच मिनिटे लागतील. तेव्हा एका दुरुस्तीला तीन सेकंदांहून अधिक लागता कामा नयेत. २९ एप्रिलला चाचणी घेतली, तेव्हा सेकंदाला ६.७ दुरुस्त्या नोंदल्या गेल्या. अडीचशेंचे काम चाळीस सेकंदांच्या आत!

गिटमध्येही प्रत्येकाची प्रत पूर्ण असते. मग खरी कोणती? त्यासाठी प्रत्येक नोंदीवरून एका गणिती कृतीने चाळीस अक्षरांची खूण काढतात. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी खूण साफ बदलते. शिवाय आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते, तशी प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची खूण असते. मधल्या एखाद्या पिढीत कोणी गुपचूप फेरफार केला, तर पुढच्या साऱ्या वंशाची नावे चुकतात आणि चोरी उघडी पडते. या खुणेचीही परीक्षा झाली. २०१७ साली संशोधकांनी शा-१ या त्या कृतीने दोन भिन्न कागदपत्रांची एकच खूण काढून दाखवली. गिटने त्याच वर्षी अशी लबाडी ओळखणारी कृती घेतली, आणि २०२० साली शा-२५६ या अधिक बळकट कृतीची सोय केली.

पण आत्याबाईंचे काय? दोन प्रती एकत्र करताना गिट त्या दोहोंचा समान पूर्वज शोधते आणि त्याच्याशी दोन्ही ताडून पाहते. बदल निरनिराळ्या ठिकाणी असतील तर दोन्ही घेते. एकाच ओळीवर दोघांचा हात पडला असेल तर थांबते आणि माणसाला विचारते. मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे माझी चूक त्याने पकडली असती!"

"नाही, सर," विद्यार्थी म्हणाला. "तुम्ही आठव्या प्रकरणात लिहिलेत, त्यांनी नवव्यात. गिटने दोन्ही निमूटपणे घेतले असते. मजकूर जुळला म्हणजे अर्थ जुळला असे नाही. त्यासाठी चाचणी लागते."

येथून या इतिहासातला मला सर्वांत आवडलेला भाग सुरू होतो. २६ जुलै २००५ रोजी, चार महिने पुरे होण्याच्या आत, टोरवाल्ड्सनी गिटची राखण जुनिओ हमानो या जपानी प्रोग्रॅमरकडे सोपवली. वीस वर्षांनी, २०२५ मध्येही, ती त्यांच्याकडेच होती. निर्मात्याचे नाव जगाला ठाऊक. राखणदाराचे ठाऊक असलेले थोडे.

नवी सोय कोणी लिहिली की ती पत्राने सर्वांसमोर येते आणि जाणकार ती बारकाईने वाचतात. हमानो तिची वेगळी शाखा काढून शाखेच्या नावाआधी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे घालतात. प्रथम ती इतर नव्या सोयींबरोबर एका कच्च्या शाखेत मिसळून पाहतात. त्या शाखेचे आजचे नाव 'पाहिले' अशा अर्थाचे आहे. नजरेखालून गेले, एवढेच, मान्य झाले असे नव्हे. मग 'पुढचे' या अर्थाच्या शाखेत ती काही दिवस मुरते. धाडसी मंडळी तीच रोजच्या कामाला वापरून पाहतात. सारे ठीक ठरले तरच मुख्य शाखेत प्रवेश. या सर्वांचा आढावा हमानो वरचेवर पत्राने कळवतात, आणि त्या पत्राचा मथळा, मराठीत सांगायचा तर, 'चुलीवर काय शिजते आहे?' असा असतो! हे ऐकून स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "त्यात नवल काय? पहिला अनारसा तुपात सोडून बघायचा. हसला तर पीठ सुधारायचे, मग पुढचे." याहून सोपे स्पष्टीकरण मला अजून सापडलेले नाही.

सोयीबरोबर तिची चाचणीही लिहावी लागते. चाचण्या चालतात त्या 'कचरा' अशा अर्थाच्या तात्पुरत्या कप्प्यात. आणि त्या कप्प्याच्या इंग्रजी नावात मुद्दाम एक मोकळी जागा ठेवलेली आहे, कारण अशी जागा आली की पुष्कळ प्रोग्रॅम अडखळतात. परीक्षकाचा हा खवचटपणा माझ्यातल्या मास्तराला फार भावला. त्याहून भावली दुसरी रीत. जी चूक ठाऊक आहे पण अजून सुधारता आलेली नाही, तिचीही चाचणी 'ही नापास होते' अशा शेऱ्यानिशी लिहून ठेवता येते. उणीव झाकायची नाही. तिची नोंद करायची. आम्ही तपासणीच्या दिवशी हुशार मुले पुढच्या बाकावर बसवतो, ते आठवून मला थोडी लाज वाटली.

एवढे करूनही चूक सुटलीच तर? समजा, हजार दुरुस्त्यांपूर्वी सारे ठीक होते आणि आज बिघडले आहे. गिट मधली पाचशेवी नोंद काढून देते. ती ठीक निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात. बिघडलेली निघाली तर मागच्या. असे अर्धे अर्धे करीत दहाएक पावलांत ती एक दुरुस्ती हाती लागते.

२०१६ साली बिटकीपरचाही मजकूर सर्वांना खुला झाला. तोवर लोक मोठ्या संख्येने गिटकडे वळले होते.

मी अजून हातानेच लिहितो. पण नव्या कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणामागे एक कागद लावू लागलो आहे: 'या प्रकरणाअखेर हयात असलेली मंडळी'. ही माझी चाचणी. स्नेह्याचा हात मात्र थांबवला नाही. त्याने त्याच्या प्रतीत हवे ते लिहावे. समासात तारीख आणि आद्याक्षरे घालावीत, एवढीच विनंती केली. आत्याबाईंची ती चार वाक्येही मी टाकून दिली नाहीत. त्या हयात असतानाच्या सातव्या प्रकरणात ती हलवली. पुस्तक बाहेर पडल्यावर जी काही पत्रे आली, त्यांतली बहुतेक त्या चार वाक्यांविषयीच होती. ती सगळी मी स्नेह्याकडे पोचती केली.