लाकडातले आर्सेनिक आणि मातीचा गुण

लाकूड वाळवी, कीड आणि बुरशीपासून टिकावे म्हणून त्यात दाबाखाली मुरवल्या जाणाऱ्या द्रावणांपैकी सर्वाधिक गाजलेले द्रावण म्हणजे 'सीसीए'. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे हे मिश्रण मूळचे भारतीय आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सोंटी कामेसम यांनी ते १९३३ मध्ये शोधले. त्यातील तांबे बुरशीला आवरते, आर्सेनिक किडीला मारते आणि या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवण्याचे काम क्रोमियम करते.

हे बंधन पक्के असले तरी पूर्ण नसते. पावसाच्या पाण्याबरोबर थोडे थोडे धातू वर्षानुवर्षे खाली झिरपतात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात अशा लाकडाच्या सज्ज्यांखालील माती तपासली असता तीत आर्सेनिकचे प्रमाण किलोमागे सरासरी ७६ मिलिग्रॅम आढळले. जवळच्या मोकळ्या मातीत ते ४ मिलिग्रॅमच्या आसपास होते. घरगुती वापरासाठी असे लाकूड तयार करणे तेथील उद्योगाने २००३ च्या अखेरीस थांबवले.

मातीत उतरल्यानंतर मात्र तिन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. तांब्याचे कण धनभारित असल्याने ते चिकणमातीला आणि त्याहूनही घट्टपणे सेंद्रिय द्रव्याला चिकटतात. माती आम्ल झाली की सुटतात. आर्सेनिकचे वर्तन याच्या उलट असते. ते ऋणभारित रूपात वावरते व लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर जाऊन बसते. मातीचा सामू वाढला की त्याची पकड ढिली होते. क्रोमियम बहुधा कमी विषारी, अविद्राव्य अशा त्रिसंयुजी रूपात जागीच राहते.

गोव्यातील जांभ्याच्या मातीला तांबडा रंग देणारी लोहाची ऑक्साइडे आर्सेनिकला बऱ्यापैकी धरून ठेवतात. त्यामुळे ते खांबाच्या बुडाशी, वरच्या काही इंचांत साठते. विहिरीच्या दृष्टीने हा दिलासा असला, तरी मातीत खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने नाही. किनाऱ्यावरील वाळूत धरून ठेवणारे फारसे काहीच नसते. तेथे विष साठण्याऐवजी वाहते, आणि भूजल उथळ असेल तर धोका विहिरीला. मातीच्या नमुन्यात कमी आर्सेनिक सापडले म्हणजे लाकडातून कमी गळले, असा निष्कर्ष वाळूच्या बाबतीत फसवा ठरू शकतो.

खाजन जमिनीचे गणित तर आणखी निराळे. पाणी साचून माती प्राणवायूविना राहिली की लोहाची ऑक्साइडे विरघळू लागतात आणि त्यांवर बसलेले आर्सेनिक मोकळे होते. तेही अधिक विषारी आणि अधिक चंचल रूपात. कोरड्या बांधावर जे लोह राखणदार असते, तेच चिखलात दार उघडून देते. भातपिकाच्या मुळांना असे सुटे आर्सेनिक सहज शोषता येते.

म्हणूनच 'दूषित मातीत चुना घाला' हा सरसकट सल्ला घातक ठरतो. चुन्याने तांबे जखडले जाते, पण आर्सेनिक सुटण्याची शक्यता वाढते. स्फुरदयुक्त खतांचेही तसेच: फॉस्फेट आणि आर्सेनेट रासायनिकदृष्ट्या भावंडे असल्याने फॉस्फेट आर्सेनिकला त्याच्या जागेवरून हटवते. शेणखत तांब्याला बांधते, मात्र आर्सेनिकच्या बाबतीत त्याचा भरवसा देता येत नाही.

माती तपासून घेताना केवळ धातूंचे आकडे पुरेसे नाहीत. सामू, सेंद्रिय कर्ब आणि लोहाचे प्रमाण यांशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. खांबालगतचा आणि काही मीटर दूरचा असे दोन नमुने वेगळे द्यावेत. नव्या लाकडावरील हिरवट झाक ही तांब्याची खूण होय. ती आर्सेनिकविरहित परिरक्षकांतही दिसते, आणि उन्हापावसाने पुसलीही जाते. जुने, मूळ ठाऊक नसलेले खांब चुलीत घालू नयेत. त्यांच्या राखेत तिन्ही धातू एकवटतात आणि पाण्यात लवकर उतरतात. ती राख माडाच्या आळ्यात टाकली, तर तिच्या क्षारामुळे मातीचा सामूही वाढतो.