जीपच्या नाकावरचं पाणी

मोहर्लीच्या फाटकावर पहाटे जिप्सींची रांग लागते. पर्यटकांचे डोळे ताडोबाच्या झाडीकडे लागलेले असतात. माझी नजर मात्र आधी गाड्यांच्या नाकाकडे जाते. एखादा चालक बॉनेट उचलून पाणी बघून घेतो आणि टोपण घट्ट बसलंय ना, हे अंगठ्यानं चाचपतो. ते पाहिलं की मला १९८७ सालचा मे महिना आठवतो.

वडील तेव्हा तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे दिवाणजी होते. मे महिना म्हणजे हंगाम. फळीवर पुडे मोजायचे, वाळवायचे, पोती भरायची आणि चंद्रपूरला पोचवायची. ठेकेदाराची जीप जुनी, पेट्रोलवरची. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी एका भंगार गाडीतलं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं होतं. मागे पोत्यांनी भरलेली ट्रॉली. मोहर्लीच्या अलीकडे कच्च्या रस्त्यावर गाडीनं वाफ सोडली. वडील घाईनं उतरले, ओलं फडकं घेऊन त्यांनी रेडिएटरचं टोपण फिरवलं, आणि उकळतं पाणी कोपरापर्यंत उसळलं. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्यांच्या हातावरचा तो पांढरा डाग शेवटपर्यंत राहिला.

गावातल्या एका बाईंनी भरलेली कळशी आणून दिली. "हातावर घाला जी आधी, उरलं ते गाडीले," एवढंच म्हणाल्या. हापशावर रांग लावून आणलेलं ते पाणी होतं.

ती जीप का उकळली, या प्रश्नानं पुढे मला मोटारींच्या इतिहासात बरंच फिरवून आणलं.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातून ढोबळमानानं एक तृतीयांश शक्ती चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच उष्णता धुराड्यातून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही तर धातूच अडकून बसेल. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारीत यावर साधा उपाय होता : इंजिनाभोवती पाणी ठेवायचं आणि ते वाफ होऊन जाऊ द्यायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत मिळेल तिथून पाणी घेत त्यांना जावं लागलं. आमची कळशी काही नवी नव्हती!

पाणी वाया न घालवता तेच पुन्हा पुन्हा गार करायचं, ही पुढची पायरी. तिला पक्कं रूप दिलं विल्हेल्म मायबाख यांनी. त्यांच्या मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीनं १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यती गाजवल्या. तिच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक पेटी होती. त्या पेटीत ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा आणि त्यांच्या भोवतीनं पाणी. आधीच्या गाडीत सुमारे अठरा लिटर पाणी लागे, इथे नऊ लिटरवर भागलं. पेटीच्या मागे मायबाखनी एक छोटा पंखाही बसवला, कारण हळू चालणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही. हा पंखा आपण ध्यानात ठेवू.

रेडिएटर पुढे असण्याचं कारण हेच, की वारा आधी तिथं भेटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची उभ्या फटींची जाळी जगभर ओळखीची झाली, ती शोभेची नव्हे. तिच्यामागे रेडिएटर आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनं मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली. १९५३ मध्ये विलीज कंपनीनं जीपमध्ये नवं, उंच इंजिन घातलं तेव्हा बॉनेटच वर उचलावं लागलं. उंच बॉनेटची ती जीप आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिली. इंजिन बदललं की त्याच्या आसपासचं सगळंच बदलावं लागतं, हे कारखान्याला कळत होतं. पुढे महिंद्रनं १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनांसाठी करार केला आणि इगतपुरीला ती इंजिनं बनू लागली.

गल्लीतल्या गॅरेजमध्ये मात्र इंजिन बसलं की काम झालं, अशी समजूत. आमच्या जीपमधलं नवं इंजिन जुन्यापेक्षा लांब होतं. पंखा रेडिएटरला घासू लागला. म्हणून रेडिएटर दोन इंच पुढे सरकवून जाळीला भिडवला आणि पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर बसेना म्हणून काढून टाकलं. डांबरी सडकेवर काही बिघडलं नाही, कारण वेगामुळे वारा आपसूक आत येई. जंगलातल्या वाटेवर मात्र ट्रॉली ओढत गाडी बैलगाडीच्या चालीनं जाणार. तिथं सगळी भिस्त पंख्यावर. आणि कव्हर नसल्यानं पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी बाजूच्या फटींतून इंजिनाचीच गरम हवा फिरवत होता. टोपणामुळे पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वरही ते उकळत नाही. टोपण काढलं, दाब गेला, की सगळं एकदम उसळतं. वडिलांच्या हाताचं तेच झालं.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही चुकला नाही. फोक्सवॅगनची जुनी कोंबी व्हॅन म्हणजे मागे इंजिन, आणि तेही वाऱ्यानं गार होणारं, रेडिएटर नाहीच. ब्राझीलमध्ये २००५ च्या अखेरीस तिला पाण्यानं गार होणारं इंजिन दिलं. इंजिन मागेच राहिलं, पण रेडिएटर आणावा लागला थेट नाकावर. तिच्या सपाट तोंडावर काळी जाळी आली. २०१३ पर्यंत ती तशीच बनत होती. हौशी लोक जुन्या गाड्यांवर असाच प्रयोग करतात तेव्हा पाण्याच्या लांब नळ्या गाडीखालून न्याव्या लागतात, आणि नळीत कुठे हवा अडकली तर पाणी फिरतच नाही. म्हणून रेडिएटरच्या वरच्या टोकाला हवा सोडायची वाट ठेवतात आणि पाणी भरताना गाडीचं नाक उंच करतात.

आमच्या जीपला शेवटी चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्यानं बरं केलं. त्यानं नळ्यांत पातळ सळ्या घालून गाळ काढला, गळक्या जागी झाळकाम केलं. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंख्याला कव्हर केलं आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फटी बुजवल्या. इंजिनाला त्यानं हातही लावला नाही. त्यानंतरच्या हंगामात जीप एकदाही उकळली नाही.

श्रोतेहो, मोहर्लीला गेलात तर इरई धरणाच्या पाण्याकडे जरूर पाहा. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला तिथूनच पाणी जातं. केंद्राचे ते रुंद बुंध्याचे, पांढरी वाफ सोडणारे मनोरे म्हणजे एका प्रचंड इंजिनाचे रेडिएटरच, आणि तेही बेंझच्या गाडीसारखे पाणी उडवून देणारे. २०१० च्या उन्हाळ्यात इरईची पातळी इतकी खाली गेली, की पाण्याअभावी तिथले संच बंद ठेवावे लागले. आमच्या जीपसारखंच, फक्त फार मोठ्या मापात.

उष्णता नाहीशी होत नाही. ती कुठेतरी टाकावी लागते. नवं इंजिन आणताना ताकद किती, खर्च किती, हे सगळे विचारतात. ते गार कशानं करायचं आणि ते पाणी कुणाच्या कळशीतलं, हे विचारायचं राहून जातं. त्या बाईंनी मात्र आधी हात आणि मग गाडी, हा क्रम न विचारता ठरवला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)