हीट पंप बसवण्यापूर्वी घरातील वायरिंगची तयारी

बेळगाव-निपाणी भागात अंघोळीच्या पाण्यासाठी आधी तांब्याचा बंब होता, मग गिझर आला, गच्चीवर सोलर आले. पावसाळ्यात ढगांमुळे सोलरचे पाणी कोमट राहते, म्हणून आता काही घरांत हीट पंपाची चौकशी सुरू आहे. आमच्या घरी तो बसवताना जे शिकलो, ते सभासदांच्या उपयोगासाठी येथे देत आहोत.

हीट पंप म्हणजे काय

फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता घेऊन टाकीतील पाण्याला देतो. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला गिझरला साधारण साडेतीन युनिट लागतात. हीट पंपाला हवामानानुसार त्याच्या सुमारे एक तृतीयांश पुरतात. महिन्याला सुमारे १०५ ऐवजी ३५ युनिट, असा हा हिशेब आहे. ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांची मर्यादा ओलांडली की पूर्ण बिल भरावे लागते. त्यामुळे ही ७० युनिटांची बचत महत्त्वाची ठरते.

मंजूर लोड तपासा

हेस्कॉमच्या बिलावर आर. आर. नंबरबरोबर मंजूर लोड किलोवॅटमध्ये छापलेला असतो. जुन्या घरांत तो बरेचदा एक-दोन किलोवॅटच असतो. आता सकाळी सात वाजताचा भार मांडा:

- हीट पंपाचा कॉम्प्रेसर: सुमारे १ किलोवॅट
- टाकीतील जादा हीटर (असल्यास): २ किलोवॅट
- पाणी चढवण्याची एक हॉर्सपॉवरची मोटर: सुमारे १ किलोवॅट
- इस्त्री: १ किलोवॅट

बेरीज पाच किलोवॅट होते. एवढे एकाच वेळी चालणार असेल, तर लोड वाढवण्यासाठी परवानाधारक कंत्राटदारामार्फत सेक्शन ऑफिसात अर्ज करावा. अनामत व दरमहाचा स्थिर आकार वाढतो, हे धरून चाला. मोटर आणि हीटर वेगवेगळ्या वेळी चालवले तर कमी लोडमध्येही भागते. थ्री फेज जोडणी असल्यास हीट पंप कमी भाराच्या फेजवर घ्यावा.

स्वतंत्र लाइन

कॉम्प्रेसर आणि हीटर मिळून ३ किलोवॅट म्हणजे सुमारे १३ अँपिअर. यासाठी मुख्य बोर्डापासून थेट वेगळी लाइन हवी: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सी प्रकारचा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेवरून ठरवावा. स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावरून जोडणी नको. यंत्र बाहेर बसत असेल तर जवळच पावसापासून झाकलेला स्विच असावा. घरच्या इन्व्हर्टरवर ते घेऊ नये. जुन्या घरात लाकडी पट्टीवरची अॅल्युमिनियमची वायर आणि किटकॅट फ्यूज असतील, तर आधी तो भाग बदलून घ्यावा.

अर्थिंग: इथे काटकसर नको

आमचे घर चाळीस वर्षांपूर्वीचे. त्या वेळी अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती. पुढे पाइप गंजले म्हणून आम्ही प्लास्टिकचे घातले. त्या दिवसापासून घराला अर्थिंगच उरले नव्हते, आणि अनेक वर्षे आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. तीन पिनांचे सॉकेट, त्यात हिरवी वायर, सगळे जागेवर दिसत होते. हीट पंपासाठी वायरमनने मीटर लावून तपासले तेव्हा हे कळले. तोवर त्याच सॉकेटवरच्या गिझरखाली नातवंडे अंघोळ करत होती.

म्हणून तीन गोष्टी करा:

१. अर्थिंगसाठी स्वतंत्र खड्डा किंवा इलेक्ट्रोड घ्या आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या. साध्या टेस्टरचा दिवा पाहून अर्थिंगची खात्री होत नाही.

२. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला. निपाणीकडची काळी माती वाळली की भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते.

३. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा व त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. मात्र आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग सोडू नये.

कामाचा क्रम

आधी अर्थिंगची तपासणी, मग लोडचा अर्ज, मग वायरिंग, आणि शेवटी यंत्राची खरेदी. आम्ही उलटे केले. यंत्र तीन आठवडे खोक्यातच राहिले. सकाळी व संध्याकाळी व्होल्टेजही मोजून घ्यावे. ते २३० पेक्षा बरेच खाली जात असेल तर कॉम्प्रेसरवर ताण येतो, त्यामुळे आधी तक्रार नोंदवून दुरुस्ती करून घ्यावी.

हीट पंप घ्यायचा नसेल तरी चालेल. पण ज्यांच्या घरी नळाचे जुने पाइप बदलले आहेत, त्यांनी या आठवड्यातच अर्थिंग तपासून घ्यावे, ही कळकळीची विनंती.