स्वखर्चाचे ग्रंथ आणि जाहिरातीचा हिशेब

ग्रंथ छापून होणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. प्रकाशक असतो तेव्हा या दोहोंमधील अंतर तो आपल्या भांडवलाने भरून काढतो. लेखक स्वतःच प्रकाशक झाला की ते अंतर त्याच्याच खिशातून भरावे लागते. पैसे मोजून केलेली जाहिरात अशा लेखकाला कितपत तारते, या प्रश्नाचा विचार ग्रंथव्यवहाराच्या इतिहासाच्या आधारे करणे उद्बोधक ठरते.

या संदर्भात चार्ल्स डिकन्सचे उदाहरण लक्षणीय आहे. ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. चॅपमन आणि हॉल ही संस्था येथे केवळ दलालीवर काम करीत होती. खर्च व जोखीम लेखकाची होती. पाच शिलिंग किमतीच्या सहा हजार प्रती नाताळापर्यंत संपल्या. मासिकांतून पुरेशा जाहिराती दिल्या गेल्या नाहीत, अशी डिकन्सची प्रकाशनापूर्वीच तक्रार होती. तथापि हिशेब हाती आला तेव्हा चित्र निराळे दिसले. बांधणीस १८० पौंड, चित्रे रंगविण्यास १२० पौंड आणि जाहिरात व किरकोळ खर्च मिळून सुमारे १६८ पौंड गेले होते. हजार पौंडांची अपेक्षा बाळगणाऱ्या लेखकाला पहिल्या सहा हजार प्रतींवर अवघा २३० पौंडांचा नफा दिसला. खप आणि प्राप्ती यांची गल्लत करणे किती महागात पडते, याचा हा बोलका दाखला होय.

अमेरिकेत २००७ मध्ये ॲमेझॉनने किंडल आणले व लेखकाला स्वतःचे ई-पुस्तक थेट विक्रीस ठेवण्याची सोय केली. छपाई, कागद आणि बांधणी यांचा खर्च संपला. परंतु पुस्तके असंख्य झाल्याने ती दिसणेच दुर्मीळ झाले. ही उणीव हेरून २०१२ मध्ये बुकबबसारखी सेवा उभी राहिली. वाचकाने आपल्या आवडीचे साहित्यप्रकार कळवायचे आणि सवलतीतील पुस्तकांची यादी त्याला ई-मेलने विनामूल्य मिळायची. शुल्क भरायचे ते लेखकाने वा प्रकाशकाने.

या व्यवहाराचे गणित तपासून पाहावे लागते. ९९ सेंटच्या पुस्तकावर सर्वसाधारण नियमानुसार लेखकाला ३५ टक्के, म्हणजे सुमारे ३५ सेंट मिळतात. जाहिरातीस ५०० डॉलर पडले असे मानले, तर केवळ खर्च भरून निघण्यासाठी चौदाशेहून अधिक प्रती खपाव्या लागतात. हजार प्रती खपल्या तर खप मोठा दिसतो, पण दीडशे डॉलरची तूट येते. मात्र त्याच लेखकाचे पुढील पुस्तक सुमारे चार डॉलरला उपलब्ध असेल, तर ७० टक्क्यांच्या दराने त्याला प्रतिमागे पावणेतीन डॉलर मिळतात. हजार वाचकांपैकी पंचावन्न जण पुढील पुस्तकाकडे वळले तरी ती तूट भरून निघते. म्हणजेच अशी जाहिरात एका पुस्तकाची विक्री क्वचितच फायद्यात आणते. लेखकाच्या समग्र लेखनाला मात्र ती वाचक मिळवून देऊ शकते.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. बुकबबचे संपादक आलेल्या पुस्तकांतून निवड करतात आणि ती करताना वाचकांचे पूर्वीचे अभिप्रायही पाहतात. त्यामुळे यशाचे सारे श्रेय जाहिरातीला देता येत नाही; जे पुस्तक आधीच उभे राहिले आहे, त्यालाच हा आधार प्रामुख्याने लाभतो. डिकन्सही १८४३ मध्ये नवखा नव्हता. ज्याचे एकच पुस्तक आहे आणि ज्याला अद्याप वाचक नाही, त्या लेखकाला मदतीची गरज सर्वाधिक असते आणि हे साधन त्यालाच सर्वांत कमी उपयोगी पडते.

डिकन्सने मात्र हिशेबातून बोध घेतला. त्याने प्रकाशक बदलला आणि १८४४ च्या नाताळात ‘द चाइम्स’ ही नवी कथा आणली. पहिल्या पुस्तकाने मिळवून दिलेला वाचक तिची वाट पाहतच होता. जाहिरातीची किंमत वसूल होते ती बहुधा अशा दुसऱ्या पुस्तकात.