पिवळ्या पडणाऱ्या स्फटिकाची कैफियत

उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाला गुस्टाव्ह रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1839 साली रशियन अमीर लेव्ह पेरोव्स्की यांचे नाव दिले, तेव्हा कॅल्शियम, टायटेनियम आणि ऑक्सिजन यांच्या त्या संयुगाची घडण पुढे पदार्थांच्या एका विशाल कुळाची खूण ठरेल आणि त्याच कुळात सूर्यप्रकाश प्राशन करणारे शिशाचे स्फटिक निपजतील, ही कल्पना कोणाच्या मनाला शिवणे शक्य नव्हते.

या स्फटिकांची हकीकत सौरविद्युतेच्या दप्तरात बहुधा 2009 पासून लिहिली जाते, हा मला पूर्वसूरींवरील अन्याय वाटतो. सीझियम आणि शिसे यांचे असे क्षार येल येथे होरेस वेल्स यांनी 1893 मध्येच सिद्ध केले होते. आणि सिलिकॉनचा सौरघट नुकताच जन्मास आला होता त्या दशकात, 1958 साली, कोपनहेगनच्या ख्रिश्चन म्योलर यांनी त्यांची अंतर्रचना उलगडून त्यांच्या प्रकाशजन्य विद्युद्वाहकतेचीही नोंद केली होती. सीझियमच्या जागी मिथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक श्टुटगार्टच्या डीटर वेबर यांनी 1978 मध्ये बसविला. योकोहामा येथे मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्यापासून केलेला घट 3.8 टक्के कार्यक्षम होता, परंतु भोवतीच्या द्रवातच विरघळून काही मिनिटांत नष्ट होत असे.

द्रवाची ही अडचण 2012 मध्ये घन थर वापरून सुटली; काळ्या रूपातून पिवळ्या रूपात पलटण्याची अडचण मात्र स्फटिकाच्या स्वभावातच होती. शिसे आणि आयोडीन यांच्या अष्टफलकांच्या पोकळीत बसणारा घटक नेमक्या मापाचा हवा, हे गणित गोल्डश्मिट यांनी 1926 मध्येच मांडले होते. सीझियम त्या पोकळीला लहान पडतो, फॉर्मॅमिडिनियम हा दुसरा सेंद्रिय घटक किंचित मोठा. म्हणून सीझियमचा क्षार 300 अंशांच्या वर आणि फॉर्मॅमिडिनियमचा 150 अंशांच्या आसपास तापविला असता जे प्रकाशग्राही कृष्णरूप लाभते, ते थंडावल्यावर टिकत नाही, अष्टफलकांची जोडणी बदलते आणि थर पिवळा, म्हणजे सौरघटास निरुपयोगी, होतो. लोझान येथे 2016 मध्ये सीझियम, मिथिलअमोनियम आणि फॉर्मॅमिडिनियम या तिघांना एकाच जाळीत नांदवून, एकाचे उणे दुसऱ्याच्या अधिकाने भरून काढत, कृष्णरूप स्थिर करण्यात आले आणि कार्यक्षमता 21.1 टक्क्यांवर पोहोचली. ज्या मापाची जाण नव्वद वर्षे ग्रंथांत पडून होती, तिची अशी अंमलबजावणी झालेली पाहून मन भरून येते.

तथापि त्याच्या आदल्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे दिसून आले होते, की आयोडीनबरोबर ब्रोमीन फार मिसळले तर प्रखर प्रकाशात ती दोन मूलद्रव्ये त्याच थरात विलग होऊ लागतात आणि अंधारात ठेवल्यावर पुन्हा एकत्र येतात.